शंभरावर आठ

परवा माझ्या लेकीने मनगटाला चार वेढे घालायची एक माळ विकत आणली. तपकिरी मणी, मध्ये एक निळा खडा, खाली रेशमी गोंडा. मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानातच मिळते म्हणे, 'मन शांत राहील' अशी चिठ्ठी बांधलेली. "आई, तुझा जन्म मण्यांत गेलाय, मोजून सांग ना एकशेआठ आहेत का," म्हणाली. मी म्हटलं, "तूच मोज बाई. त्या आकड्याने एकदा माझी अब्रू काढली आहे." ती हसली. तिला वाटलं, आईची नेहमीची तिरकस जीभ. तिला काय ठाऊक, हे झालं तेव्हा ती माझ्याच कडेवर होती आणि माझ्या पदराला नाक पुसत होती.

नव्वदीतली गोष्ट. प्लेगच्या घबराटीत गावी पळालेलं सुरतेतलं अर्धं नवागाम, म्हणजे आमची वस्ती, परत आलं होतं आणि माग पुन्हा रात्रंदिवस खडखडत होते. गिरणेकाठच्या खेड्यातून लग्न करून मी इथे आले त्याला चार वर्षं झाली होती. नवरा लूमवर बारा तासांची पाळी करायचा. सासरे रेल्वेतून रिटायर होऊन घरी बसले होते. त्यांना मी मामा म्हणायची आणि सासूला आत्याबाई. दोन खोल्या, भिंतीवर दोन फोटो. एक बुद्धांचा, दुसरा कुणाचा ते आमच्या लोकांना सांगायला नको.

बायका घरी बसून जॉबवर्क करायच्या. कुणी साड्यांना टिकल्या चिकटवायची, कुणी धागे कापायची. माझ्याकडे मणी होते. ब्लाउजची लटकणं आणि गळ्यातल्या खोट्या माळा यांच्यासाठी शेठ मण्यांच्या पुड्या द्यायचा. रीत अशी की माळ शंभर मण्यांची, पण पुडीत मणी एकशेआठ. वरचे आठ घटीचे. लाकडी मणी चिरतो, काचेचा फुटतो, एखाद्याला भोकच नसतं, म्हणून शंभरामागे आठ मणी घट. आणि घटीतून जे वाचेल ते ओवणारीचं. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण अख्ख्या नवागामात त्यावरून कधी भांडण झालं नाही. आणि आमच्याकडे पाण्याच्या बादलीवरूनही डोकी फुटायची, हे लक्षात घ्या!

माझा हात चांगला होता. स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आठातले सहा तरी मी वाचवायची. वनस्पती तुपाच्या एका रिकाम्या डब्यात ते जमा व्हायचे. लाकडी, काचेचे, चांदीचं पाणी दिलेले, सगळे एकत्र. मोजायला तर मला डोळेच लागत नसत. भात बघत असू दे, पोरीला रागवत असू दे, शंभर झाले की हात आपोआप गाठ मारायचा. या हाताचा मला फार गर्व होता.

दिवाळी झाली की स्टेशनकडच्या मैदानावर स्वेटरवाले यायचे. सुरतेत थंडी ती केवढी, पण ते दरवर्षी यायचे. लोक त्यांना सरसकट नेपाळी म्हणत. ते तिबेटी होते, हे मलाही नंतर कळलं. पोरीला स्वेटर घ्यायला गेले तर एका ताडपत्रीवर लोकरीच्या ढिगांमागे एक बाई बसलेली, चाळिशीची, गाल उन्हाने भाजून लाल झालेले, पोटावर पट्ट्यापट्ट्यांचं फडकं बांधलेलं. गिऱ्हाइकाशी घासाघीस, सुट्टे देणं, शेजारणीशी हसणं, सगळं उजव्या हाताने चाललेलं. डावा हात मांडीवर. त्यात एक माळ, आणि अंगठ्याखालून एकेक मणी सरकत होता. ओठ अगदी बारीक हलत होते.

मी मण्यातली बाई. माझी नजर स्वेटरवर जाईलच कशी? असे मणी मी जन्मात पाहिले नव्हते. लाकूड नाही, काच नाही, कसल्या तरी बिया. मूळचा रंग काय होता कोण जाणे, आता जुन्या गुळासारखे गडद झाले होते, आणि उन्हात धरले की आतून उजेड यायचा. शेठकडे पॉलिशचं मशीन होतं. त्याला ती चकाकी सात जन्मांत जमली नसती. मी हात पुढे करून म्हटलं, "दीदी, ये कौन सा पॉलिश?" तिने आपला अंगठा वर करून दाखवला. "यही," म्हणाली. "माँ का. फिर मेरा."

मी त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. किती वर्षं एक अंगठा एका बीवरून फिरला की ती अशी होते? आम्ही दिवसाला दहा-दहा माळा ओवायचो आणि एकही परत हातात धरत नव्हतो.

मग मला तिच्या मागच्या खोक्यावरचा फोटो दिसला. बुद्धांचा. सुरतेत बुद्ध म्हणजे आमच्या वस्तीतलं पत्र्याचं विहार आणि आमच्याच लोकांच्या भिंती. शेजारणी विचारायच्या, तुमचा देव कोणता, आणि सांगितलं की त्यांचे चेहरे बदलायचे. मला वाटायचं, हे एवढंच, आपल्या चार घरांचं. आणि इथे ही बाई, ना माझ्या भाषेची, ना माझ्या रंगाची, हिमालयापलीकडची, आणि तिच्या खोक्यावर आमच्या भिंतीवरचा फोटो. मी बोट दाखवून म्हटलं, "हम भी बौद्ध."

ती बघतच राहिली. "तुम? यहाँ?" मग तिने माळ मुठीत गोळा केली आणि आधी पोरीच्या, नंतर माझ्या कपाळाला टेकवली. मणी गरम होते. भर बाजारात, गुडघाभर स्वेटरांत उभी राहून मला एकदम वाटलं, आपण किती लांबवर आहोत, आणि किती जुने आहोत! असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मामांनी पेपर खाली ठेवला. "माळ?" म्हणाले. "बुद्धाने माळ ओढायला कुठे सांगितलं? जप, गंडे, ताईत, सगळं सोडून आलोय आपण. किती मार खाऊन सोडलंय ते तुला माहीत नाही. आता ते मागच्या दाराने घरात आणू नको, सुनबाई." मामांपुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती. भांडी मात्र मी त्या दिवशी जरा जोरातच घासली.

तरी माल पोचवून येता-जाता मी तिच्याकडे थांबायचीच. मी मणी ओवते हे कळल्यावर तिलाही माझं अप्रूप वाटलं. तुटक्या हिंदीत तिने सांगितलं ते असं: म्हातारी आई डोंगरात, घरी होती. या वर्षी निघताना आईने ही माळ हिच्या गळ्यात घातली, म्हणाली, आता तू वापर. आणि सुरतेत येऊन थोडे दिवस झाले नाहीत तर एसटीडीच्या बूथवर निरोप आला की आई गेली. माल उघड्यावर टाकून हिला जाता आलं नाही. त्यांच्यात माणूस गेलं की एकोणपन्नास दिवस ते वाटेवर असतं, ना इथलं, ना तिथलं. मागे राहिलेल्यांनी त्या दिवसांत रोज मंत्र म्हणायचा, म्हणजे त्याला वाट सापडते. "माँ को रास्ता नहीं मालूम," ती म्हणाली, जणू म्हातारी सुरत स्टेशनावर उतरून कुणाची तरी वाट बघत उभी होती. मला यातलं काही पटावं असं माझं शिक्षण नव्हतं. मामांच्या घरात तर नव्हतंच. पण ती बोलत असताना अंगठा चालूच होता, आणि मला त्या अंगठ्यापुढे मान खाली घालावीशी वाटली.

शेहेचाळिसाव्या दिवशी गेले तर तिच्या हातात माळ नव्हती. दोरा जुना झाला होता, गर्दीत तुटला. तिने सगळे मणी लहान मुलाच्या एका लोकरी मोज्यात भरून ठेवले होते. मी लगेच हात पुढे केला. "लाओ दीदी, मेरा काम ही यही है. परसों सुबह पक्का." दोन दिवस ती बोटांच्या पेरांवर मोजणार होती. मोजा देताना तिने तो आधी डोक्याला लावला. "माँ का है," एवढंच म्हणाली.

आता माझा पराक्रम ऐका. शेठचा माल तुंबला होता, पोरगी तापली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोजा परातीत पालथा केला आणि आधी मणी मोजले. गोंड्याजवळचा मोठा मणी सोडून बरोबर एकशेआठ! मला काय आनंद झाला! म्हटलं, बाई हुशार आहे, आपल्या धंद्याची रीत जाणते, घट धरून माल दिलाय. एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे आठही माळेतलेच असतील. येणार कुठून? जपमाळ नावाची वस्तू मी ज्या घरांत वाढले आणि ज्या घरात नांदले, तिथे माझ्या जन्माआधीच नदीत गेली होती. माळ म्हणजे शंभर आणि पुडी म्हणजे एकशेआठ, एवढंच माझं ज्ञान. दुहेरी नायलॉन घेतला, दर मण्यापाशी बारीक गाठ, असं देखणं काम मी शेठचंही कधी केलं नव्हतं. शंभर झाले, हाताने गाठ मारली. आठ मणी उरले. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडले होते. तरी शेठकडून घेताना वाटायचं तसंच वाटलं, की हे माझ्या हक्काचे. डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सकाळी माळ नेऊन दिली. तिने गाठी बघितल्या, माझा हात धरला, तिचे डोळे भरून आले. लगेच डोळे मिटून सुरू केलं. मी आपली कौतुकाची वाट बघत उभी. अंगठा सरकत होता, सरकत होता आणि एके ठिकाणी थांबला. मोठा मणी आला होता. तिने डोळे उघडले नाहीत. परत मागे गेली, परत पुढे आली. एवढ्या गोंगाटात, न बघता, न मोजता, त्या अंगठ्याला कळलं होतं. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

"कम है," ती म्हणाली.

"कम कैसे? पूरा सौ है," मी ठसक्यात म्हटलं. "गिन लो. ऊपर का आठ घट का."

"आठ कहाँ है?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारचा स्वेटरवाला पुढे आला, म्हणाला, "निकाल लिया होगा. इधर सब ऐसा ही है." अंगाची लाही लाही झाली! पण बोलू काय? आठ मणी माझ्याच डब्यात होते. ती हळूच म्हणाली, "कल आखिरी दिन है, बहन." मी पोरीला उचललं आणि घरापर्यंत अक्षरशः पळत आले.

डबा परातीत उपडा केला. मधूनमधून विकून उरलेली दोन वर्षांची घट. हजारभर मणी असतील, आणि त्यांत निम्मे तपकिरी लाकडाचे, कारण दिवाळीआधी त्याच रंगाची मोठी ऑर्डर होती. वर आदल्या संध्याकाळी पोरीने तो डबा खुळखुळा करून भरपूर वाजवला होता. खोलीत ऊन येत नव्हतं, आणि बल्बखाली सगळे तपकिरी मणी एकसारखेच दिसत होते. मी परातीसमोर बसले आणि मला रडू फुटलं. आत्याबाई धावत आल्या, "काय व्हयनं व पोरी?" मी सगळं सांगितलं. मामा दारात उभे राहून ऐकत होते.

"माळेच्या नादी लागू नको म्हटलं होतं ना?" मामा कडाडले. "आणि वर चोरी? लोक आधीच आपल्याकडे कसे बघतात ते माहीत नाही तुला?"

"चोरी नाही केली, मामा!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. "रीत होती ती! मला काय माहीत एकशेआठ म्हणजे काय? तुम्ही कधी सांगितलंत?"

मी डोळे पुसून सुई हातात घेतली. मला एकच मार्ग सुचला. नवीन मण्याचं भोक आतून खरखरीत असतं, सुई अडते. वर्षानुवर्षं दोऱ्यात सरकलेला मणी आतून गुळगुळीत असणार. एकेक तपकिरी मणी उचलून मी सुई घालून बघायला लागले. दुपार उतरली तेव्हा दोन सापडले होते. बोटांची टोकं सुजली होती.

तेवढ्यात मामा परातीपलीकडे येऊन बसले. चष्मा काढून त्यांनी बाजूला ठेवला. मला वाटलं, आता आणखी काही बोलणार. त्यांनी दोन्ही हात मण्यांत घातले आणि डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये मणी घ्यायचे, जरासा फिरवायचे, टाकून द्यायचे. घ्यायचे, फिरवायचे, टाकायचे. मग एक मणी त्यांनी टाकला नाही. माझ्या हातावर ठेवला. मी सुई घातली. सुई आरपार गेली, कुठेच अडली नाही.

"मामा, कसं ओळखलंत?"

त्यांनी पुन्हा हात मण्यांत घातला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. ज्या माणसाने मला माळेचं नाव काढू दिलं नव्हतं, त्याच्या अंगठ्याची चाल अगदी त्या तिबेटी बाईसारखी होती. मी सुई विसरून बघत बसले. आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्यासले काही इचारू नको," हळूच म्हणाल्या. "त्यासनी मायनी माळ व्हती." मग सांगितलं, धर्म बदलला त्या वर्षी मामा वीस वर्षांचे असतील. घरातले देव, टाक, सगळं त्यांनी आपल्या हाताने गिरणेत सोडलं. त्यात आईची तुळशीची माळही गेली. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तीच माळ ते ओढायचे. आई नंतर पुष्कळ वर्षं जगली, पण त्या माळेबद्दल लेकाशी कधी एक अक्षर बोलली नाही.

दिवेलागणीपर्यंत सात मणी झाले. परातीतले सगळे मणी संपले, आठवा नाही. मामांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे चाचपले. आम्ही खाट हलवली, गोधड्या झटकल्या, मोरीपर्यंत बघितलं. पोरीने डबा वाजवताना झाकण निघून कुठे उडाला असेल, सकाळी केरात गेला असेल. मी म्हटलं, "आता मी तिला तोंड कसं दाखवू?" त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी मी सात मणी रुमालात बांधून निघाले तर मामांनी दारात अडवलं. हातात त्यांची पितळी डबी होती, तिच्यात ते रेल्वेचा जुना बिल्ला ठेवायचे. बिल्ल्याखालून त्यांनी एक मणी काढला. तुळशीचा, चणीने लहान, काळपट. माझ्या तळहातावर ठेवला.

"सोडताना माळ तुटली, हा मुठीत राहिला होता," ते म्हणाले. "टाकायचा राहून गेला. चालेल का विचार तिला."

चाळीस वर्षं टाकायचा राहून गेलेला मणी! मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण ते पोरीच्या स्वेटरचं बटण लावायला वाकले होते. मी मूठ मिटली.

मैदानावर जाऊन मी तिच्यासमोरच ताडपत्रीवर बसले आणि मोठ्या मण्यालगतची गाठ सोडली. सात मणी ओवले. मग मूठ उघडून म्हटलं, "दीदी, एक गुम हो गया. माफ करना. ये दूसरा है." मन घट्ट करून विचारलंच, "सौ तो पूरा था. आठ के लिए इतना क्यों?"

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "गिनती सौ की ही है," म्हणाली. "एक माला, तो सौ बोलते हैं. एक सौ आठ नहीं बोलते. कभी ग्राहक आता है, कभी मन घर भाग जाता है, मंत्र छूट जाता है. ये आठ उस गलती का है." मग माळेवर हात ठेवून म्हणाली, "गलती का जगह नहीं होगा, तो मैं गलती कहाँ रखूँगी?"

घट! ती घटच सांगत होती. लाकूड चिरतं, काच फुटते, तसं माणसाचं मनही मध्येच फुटतं, आणि हे कुणीतरी फार फार पूर्वी आधीच धरून ठेवलं होतं. शंभरावर आठ. शेठने माल द्यावा तसे कुणीतरी माणसाला आठ मणी जास्तीचे देऊन ठेवले होते, आणि नेमके तेच मी हक्काचे म्हणून काढून घेतले होते. त्या बाईने आईसाठी म्हटलेल्या मंत्रांतून मी फक्त माफी काढून घेतली होती. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिने माझी पाठ थोपटली, जशी काही आई माझीच गेली होती.

तिने तुळशीचा मणी उचलून उन्हात धरला. "किसका?"

"मेरे ससुर की माँ का. वो भी चली गई."

तिने तो कपाळाला लावला आणि माझ्या हातात परत दिला. मी तो शेवटच्या जागी ओवला, मोठ्या मण्याच्या अगदी शेजारी, आणि गाठ मारली. ती म्हणाली, "नाम बोलो. उनका भी बोलूँगी." मला नाव माहीतच नव्हतं. तिने मान हलवली, म्हणजे काही हरकत नाही अशी. "माँ बोलूँगी," म्हणाली. मग डोळे मिटून तिने सुरुवात केली, आणि मी पूर्ण एक माळ होईपर्यंत तिथे बसले. गिऱ्हाइकं आली, शेजारच्या स्वेटरवाल्याने त्यांना हाताने खुणावून आपल्याकडे बोलावून घेतलं. शेवटच्या मण्यावर अंगठा आला तेव्हा तो इतरांपेक्षा लहान आहे हे त्याला कळलं असणार. तो तिथे जरासा थांबला, आणि मग पुढे गेला.

घरी आले तर मामा ओट्यावर बसले होते. पेपर उघडा होता, पण चष्मा खिशातच होता.

"घेतला?"

"घेतला."

"कुठे ओवलास?"

मी घाबरत घाबरत सांगितलं. वरचे आठ कशासाठी असतात तेही सांगितलं. वाटलं, चिडतील, माझ्या आईला चुकांच्या रांगेत बसवलंस म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माळ सोडली ती चूक नव्हती," ते म्हणाले. "तेवढं डोक्यात पक्कं ठेव. आजही सोडेन. पण ती झोपली होती आणि मी तिला न विचारता तिच्या उशाखालून काढून नेली. ती चूक." मग म्हणाले, "बरोबर जागी ओवलास."

मी आत जायला वळले. त्यांनी विचारलं, "त्या बाईने काही म्हटलं का, आईबद्दल?"

"नाव विचारलं, मामा. मला माहीत नव्हतं. मग ती नुसतं 'माँ' म्हणाली."

मामांनी पेपराची घडी घातली, आणि मला त्यांच्या आईचं नाव सांगितलं. चार वर्षं मी त्या घरात नांदत होते, आणि ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.